टीटी पुरेशी नसते तेव्हा: जखमेनंतर धनुर्वात टाळण्यासाठी प्रतिपिंडांचे इंजेक्शन सुरक्षितपणे कसे घ्यावे

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडवताना आमच्या रामबागेतल्या एका शेजारच्या काकांच्या पायात खिळा गेला. रबरी चपलेचा तळ भेदून तो टाचेच्या जरा पुढे बोटाच्या पेराएवढा आत शिरला होता. ओढून काढल्यावर रक्त जेमतेम दोन थेंब आले, आणि रक्त आले नाही म्हणूनच घरच्यांना ती जखम किरकोळ वाटली. जवळच्या दवाखान्यात काकांना टीटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्यात आले. दुपारी त्यांच्या सूनबाई जखमेवर कोणते मलम लावावे हे विचारायला माझ्याकडे आल्या, तेव्हा मी मलमाचे उत्तर देण्याआधी एकच प्रश्न विचारला: "बाबांना लहानपणी लसी टोचल्या होत्या का?" त्या म्हणाल्या, "काकू, बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांच्या लहानपणी कोण टोचत होते?"

त्यांच्या या उत्तरातच काकांना कोणते इंजेक्शन हवे होते ते स्पष्ट झाले. त्याच संध्याकाळी काकांना मोठ्या रुग्णालयात नेले, तिथल्या डॉक्टरांनी जखम उघडून स्वच्छ केली आणि टीटीच्या जोडीला धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जंतूच्या विषाला निष्प्रभ करणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) इंजेक्शन दिले. इंदूरमध्ये अपघात विभागात परिचारिका म्हणून २७ वर्षे काम करताना ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. जखमी माणसाला घेऊन जो नातेवाईक धावतपळत रुग्णालयात येतो, त्याच्या हाती योग्य माहिती असावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो, परंतु त्या निर्णयाला लागणारी अर्धी माहिती घरच्यांकडेच असते.

नाव एक, इंजेक्शने दोन

आपल्या इंदुरी मराठीत "टीटी लागली" असे म्हटले की विषय संपतो. प्रत्यक्षात धनुर्वातासाठी दोन अगदी वेगळी इंजेक्शने आहेत. टीटी किंवा टीडी ही लस आहे. तिच्यात जंतूचे निष्प्रभ केलेले विष असते आणि ते ओळखून शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला शिकते. सरकारी लसीकरणात आता टीटीच्या जागी टीडी दिली जाते, तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. इम्युनोग्लोब्युलिनमध्ये मात्र लस नसते. ज्यांच्या रक्तात धनुर्वातविरोधी प्रतिपिंडे भरपूर आहेत अशा दात्यांच्या रक्तद्रवातून ती वेगळी काढलेली असतात, आणि टोचल्यानंतर शरीराने काहीही शिकण्याची वाट न पाहता ती कामाला लागतात.

लस शिकवते, पण तिला वेळ लागतो. ज्याने आयुष्यात कधीच धनुर्वाताची लस घेतलेली नाही, त्याला पहिल्या डोसाने जवळजवळ काहीच संरक्षण मिळत नाही. दुसरा डोस चार आठवड्यांनी द्यायचा असतो आणि भरवशाचे संरक्षण त्यानंतर सुरू होते. धनुर्वाताची लक्षणे मात्र बहुधा जखमेनंतर ३ ते २१ दिवसांत दिसतात. मधल्या या उघड्या दिवसांत आधार देणे हे तयार प्रतिपिंडांचे काम आहे. ती टिकतात सुमारे चार आठवडे, कारण दर तीन-साडेतीन आठवड्यांनी त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून केवळ इम्युनोग्लोब्युलिन घेऊन लस न घेणारा माणूस महिन्याभराने पुन्हा होता तिथेच येतो. ज्याला प्रतिपिंडे लागतात त्याला दोन्ही इंजेक्शने लागतात.

विष कसे चढते, आणि घाई का करावी

क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जंतूचे बीजाणू मातीत, शेणात, लिदीत आणि रस्त्याच्या धुळीत असतात आणि वर्षानुवर्षे जिवंत राहतात. इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत मोठे नाव मिळवले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण रस्ता कितीही झाडला तरी मातीतले बीजाणू मातीतच राहतात. गंजाचा या आजाराशी थेट संबंध नाही. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो आणि अरुंद, खोल भोक पाडतो, हे त्यामागचे खरे कारण. अशा भोकात हवा पोहोचत नाही आणि या जंतूला वाढण्यासाठी हवाविरहित जागाच लागते. जखमेत जंतू वाढतो, विष सोडतो, ते विष मज्जातंतूंवाटे मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि स्नायूंना सैल पडायला सांगणारे संदेश अडवते. मग स्नायू आखडत जातात, जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते.

प्रतिपिंडे फक्त मोकळ्या विषाला धरू शकतात. मज्जातंतूला एकदा चिकटलेले विष कोणत्याही इंजेक्शनने सोडवता येत नाही. त्यामुळे हे इंजेक्शन जखमेच्या दिवशीच, शक्य तितक्या लवकर मिळावे. पण दोन-चार दिवस उलटले म्हणून "आता काय उपयोग" असे म्हणून कोणी घरी बसू नये. जखमेतून विष आठवडाभरानंतरही बाहेर पडत राहू शकते, म्हणून उशीर झाला असला तरी डॉक्टरांना दाखवावे.

पहिली पायरी: जखम धुणे

जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने, घाई न करता, भरपूर धुवावी. दिसणारी माती, काडी, काच काढता येत असेल तर काढावी. खोल रुतलेली वस्तू मात्र ओढू नये, ती डॉक्टरांकडेच काढावी. हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती, राख, शेण यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळदीने रक्त थांबते असे आपल्या आजीपासून सगळे सांगत आले आहेत, पण खोल जखमेत भरलेली पूड आत हवा जाऊ देत नाही आणि डॉक्टरांना जखम साफ करणेही अवघड करून ठेवते. मेलेली कातडी आणि चिरडलेला भाग काढण्याचे काम रुग्णालयात होते. तेवढे झाले नाही तर आत जंतूला घर तयार मिळते आणि मग प्रतिपिंडांवर एकट्याने सारा भार पडतो. "अँटिबायोटिक सुरू आहे, मग धनुर्वाताचे इंजेक्शन कशाला" असेही पुष्कळ जण विचारतात. अँटिबायोटिकने तयार झालेले विष नाहीसे होत नाही आणि लसीची जागाही भरून निघत नाही.

दुसरी पायरी: आयुष्यातले डोस मोजणे

खिळा किती मोठा होता, गंजलेला होता का, रक्त किती गेले, हे सगळेच सांगतात. ज्या माहितीवर निर्णय ठरतो ती म्हणजे या माणसाला आयुष्यात धनुर्वाताच्या लसीचे एकूण किती डोस मिळाले आणि शेवटचा कधी. तीन किंवा त्याहून अधिक डोस झाले असतील तर त्याचे शरीर शिकलेले आहे आणि गरज असल्यास एका डोसाने काही दिवसांत संरक्षण पुन्हा वर येते. तीनपेक्षा कमी झाले असतील किंवा काहीच ठाऊक नसेल, तर वैद्यकशास्त्र तो माणूस न शिकलेला धरते. "बहुतेक झाले असतील" याला इथे किंमत नाही.

भारतात लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ पासून त्याचा मोठा विस्तार झाला. त्याआधी जन्मलेल्या कित्येकांना बालपणीचे तीन डोस मिळालेच नाहीत. आज आपल्या घरातले आजोबा, मामा, काका बहुधा याच पिढीतले आहेत. आज्यांची गोष्ट थोडी वेगळी असते, कारण गर्भारपणात टीटीची इंजेक्शने दिली जात. ज्यांची दोन-तीन बाळंतपणे दवाखान्यात झाली आणि प्रत्येक वेळी इंजेक्शने मिळाली, त्यांचे डोस तीन किंवा अधिक भरू शकतात. मात्र ज्यांची बाळंतपणे घरीच झाली त्यांच्याबाबत काहीच गृहीत धरू नये. म्हणून घरातला पुरुष जखमी झाला आणि बायकोने "आम्हां दोघांनाही झालेले आहेत" असे सांगितले, तर सिस्टरने पुन्हा विचारले तरी रागावू नये.

आजच्या मुलांचे हिशेब तुलनेने सोपे असतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट (धनुर्वातासह पाच आजारांवरची लस), दीड ते दोन वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लसीचा) पहिला बूस्टर, पाच ते सहा वर्षांत दुसरा, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी, असा सरकारी क्रम आहे. आईने जपलेले लसीकरणाचे कार्ड इथे सोन्याच्या मोलाचे असते. ते कपाटात कागदपत्रांखाली दडपून ठेवण्यापेक्षा त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

पुष्कळ पुरुष सांगतात, "मी तर दर सहा महिन्यांनी टीटी घेतो." सांवेर रोडवरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांकडून हे मी शेकडो वेळा ऐकले आहे. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे, जखमेनंतर मिळालेले इंजेक्शन टीटीचेच होते की वेदनाशामक होते हे त्यांना माहीत नसते. दुसरे म्हणजे, खरोखरच वारंवार टीटी घेतली असेल तर त्यांना प्रतिपिंडांची गरज नसते, आणि गरज नसताना पुन्हा पुन्हा घेतलेल्या टीटीमुळे दंड सुजून लाल होतो व दुखतो. तीन डोस पूर्ण झालेल्याला सहा महिन्यांनी टीटी लागत नाही. स्वच्छ, किरकोळ जखमेत शेवटच्या डोसाला १० वर्षे झाली असतील तर, आणि घाण किंवा गंभीर जखमेत ५ वर्षे झाली असतील तर एक डोस देतात. विखुरलेले डोसही मोजले जातात. मध्ये वर्षे गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तिसरी पायरी: जखमेचा प्रकार पाहून निर्णय

स्वच्छ व किरकोळ जखम म्हणजे भाजी चिरताना बोटाला लागलेला, धुतलेल्या सुरीचा वरवरचा काप. अशा जखमेत इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, डोस अपुरे असले तरीही. तिथे फक्त लस सुरू करतात.

माती, शेण, धूळ किंवा लाळ लागलेली जखम, खोल टोचलेली जखम, चिरडलेला किंवा फाटलेला भाग, भाजलेली जखम, गाडीच्या अपघातातली खरचट, विळ्याने शेतात झालेला काप, गोठ्यात गाईने तुडवलेला पाय या सगळ्या दुसऱ्या गटात येतात. या गटात तीनपेक्षा कमी डोस किंवा माहिती नसलेल्या माणसाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मिळावे. तीन डोस पूर्ण असतील तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, उदाहरणार्थ एचआयव्हीबाधित व्यक्ती, त्यांना मात्र अशा जखमेत डोस पूर्ण असले तरी इम्युनोग्लोब्युलिन देतात. मधुमेही माणसाच्या पायाच्या जुन्या जखमेकडेही दुर्लक्ष करू नये. तिच्यातूनही धनुर्वात होतो, आणि तिथे "कधी लागले" याची तारीखच सांगता येत नाही.

काकांच्या बाबतीत रुग्णालयात जे ठरले ते याच नियमाने ठरले: खोल, मातीत पडलेल्या खिळ्याने झालेली जखम आणि डोसांची माहिती शून्य.

चौथी पायरी: टोचण्याआधी डॉक्टरांना काय सांगावे

पुढील गोष्टी डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगाव्यात. याआधी कधी इम्युनोग्लोब्युलिन, रक्त किंवा रक्तघटक घेतल्यावर अंगावर पित्त उठले, श्वास लागला किंवा चक्कर आली होती का, हे सर्वांत आधी. रक्तातील आयजीए या प्रतिपिंडाची कमतरता कोणाला निदान झालेली असेल तर तेही, कारण अशा व्यक्तींना तीव्र ॲलर्जी होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, किंवा प्लेटलेट कमी असतील, तर स्नायूत सुई गेल्यावर आत रक्त साचू शकते. मग बारीक सुई वापरून, नंतर त्या जागी न चोळता काही मिनिटे दाबून धरावे लागते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर तेही सांगावे.

गर्भवती स्त्रीला जखम झाली तर "पोटात बाळ आहे, इंजेक्शन नको" असे घरचेच परस्पर ठरवतात. ते चूक आहे. गरज असेल तर गर्भारपणात टीडी आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिली जातात. स्त्रीला धनुर्वात झाला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट नंतर विसरली जाते. प्रतिपिंडे घेतल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत गोवर-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी नीट लागू पडत नाहीत. म्हणून मुलाला हे इंजेक्शन मिळाले असेल तर त्याच्या कार्डावर तारखेसह लिहून घ्यावे आणि पुढील लसीच्या वेळी आठवणीने दाखवावे. गोवराची लस प्रतिपिंडांच्या आधीच्या दोन आठवड्यांत दिली गेली असेल तर तीही पुन्हा द्यावी लागू शकते, त्यामुळे अशी तारीखही बालरोगतज्ज्ञांना सांगावी.

पाचवी पायरी: कुपी आणणे आणि थंड ठेवणे

मोठ्या सरकारी रुग्णालयात हे इंजेक्शन मिळू शकते. खाजगी रुग्णालयात अनेकदा नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊन ते बाहेरून आणायला सांगतात. टीटी काही रुपयांत मिळते, इम्युनोग्लोब्युलिन त्याच्या कित्येक पटींनी महाग असते, आणि म्हणूनच "टीटी झाली ना, मग हे कशाला" हा प्रश्न सुटण्याऐवजी औषधांच्या दुकानातच मिटवला जातो. तिथे दुकानदाराचा सल्ला घेऊ नये. चिठ्ठीत जे लिहिले आहे तेच घ्यावे.

कुपीवर "ह्यूमन टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन" असे लिहिलेले असावे, २५० की ५०० युनिट हे चिठ्ठीशी जुळावे, मुदत संपलेली नसावी, आणि फक्त स्नायूत देण्यासाठी असल्याची सूचना वाचून घ्यावी. कुपी हलवून प्रकाशासमोर धरली की आणखी एक खूण दिसते. इम्युनोग्लोब्युलिन स्वच्छ, किंचित पिवळसर असते. लस हलवली की पांढुरकी, दुधाळ दिसते. नातेवाइकाने आणलेली कुपी पाहून ती लसच आहे हे मी केवळ या रंगावरून दोन वेळा ओळखले आहे. इम्युनोग्लोब्युलिन गढूळ असेल किंवा त्यात गाळ दिसत असेल तर ते वापरू नये.

हे औषध २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे असते. मे महिन्यातली एक दुपार मला अजून आठवते. दवा बाजारातून एक तरुण कुपी घेऊन आला होता. ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती, हाताला कोमट लागत होती, आणि वाटेत पेट्रोल भरून, एका ओळखीच्या दुकानात थांबून तो जवळजवळ दीड तासाने पोहोचला होता. त्याच्या आईसाठी दुसरी कुपी मागवावी लागली. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा दुकानातच थर्मासची पिशवी किंवा बर्फाची थैली मागावी, कुपीच्या पेटीला वर्तमानपत्राच्या दोन घड्या गुंडाळाव्यात, आणि बर्फ कुपीला थेट चिकटू देऊ नये. गोठलेले इम्युनोग्लोब्युलिन उन्हात राहिलेल्याइतकेच निकामी होते. घरी ठेवायची वेळ आलीच तर फ्रीजच्या मधल्या खणात ठेवावी, फ्रीजरमध्ये किंवा दारात नव्हे.

सहावी पायरी: टोचताना

हे इंजेक्शन फक्त प्रशिक्षित माणसाने, आणीबाणीची औषधे हाताशी असलेल्या जागी द्यावे. घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्या ओळखीच्या कंपाउंडरकडून ते घेऊ नये, मग तो कितीही वर्षांचा अनुभवी असो. देणाऱ्याने कुपी थोडा वेळ हातात धरून खोलीच्या तापमानाला आणावी, म्हणजे दुखणे कमी होते. प्रतिबंधासाठीची नेहमीची मात्रा २५० युनिट असते आणि मोठ्यांना व मुलांना ती सारखीच असते. जखमेला २४ तास उलटून गेले असतील, जखम फार दूषित असेल किंवा भाजलेले असेल तर ५०० युनिट दिले जातात. किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतील, पण का ठरवले हे आपण विचारावे.

सुई स्नायूत खोलवर जाते, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडाच्या वरच्या भागात. पार्श्वभागात द्यायची वेळ आली तर वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच द्यावी, कारण खाली सायटिक मज्जातंतू असतो. हे औषध शिरेत कधीही देऊ नये. शिरेत गेल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून सुई आत गेल्यावर, औषध सोडण्याआधी सिरिंजचा दांडा किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहिले जाते. मी नव्या मुलींना शिकवताना हा क्षण सावकाश घ्यायला सांगत असे, कारण बाकी सगळे चुकले तर सुधारता येते आणि हे सुधारता येत नाही.

लस त्याच वेळी, पण वेगळ्या सिरिंजने आणि वेगळ्या अंगावर दिली जाते, उदाहरणार्थ लस डाव्या दंडात आणि प्रतिपिंडे उजव्या मांडीत. एकाच सिरिंजमध्ये दोन्ही मिसळली तर प्रतिपिंडे लसीतल्याच विषाला निष्प्रभ करतील आणि दोन्हींचा उपयोग वाया जाईल. दोन ठिकाणी दोन सुया पाहून पेशंट कुरकुरला तर त्याला एवढे नक्की सांगावे.

सातवी पायरी: टोचल्यानंतरचा अर्धा तास

इंजेक्शन झाले की बिल भरून लगेच घरी निघू नये. किमान २० ते ३० मिनिटे तिथेच बसावे. श्वास लागणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे, घाम सुटून डोळ्यांसमोर अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ सिस्टरला हाक मारावी. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन स्नायूत दिले जाते आणि तिथे मिनिटे मोलाची असतात. मानवी रक्तद्रवापासून बनलेल्या इम्युनोग्लोब्युलिनने इतकी तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. जागा दुखणे, थोडा ताप, डोके जड होणे हे मात्र एक-दोन दिवसांत आपोआप जाते.

रक्तापासून बनलेले औषध म्हटले की एचआयव्ही आणि कावीळ यांची भीती मनात येते, आणि ती समजण्यासारखी आहे. दात्यांची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासणी होते आणि औषध तयार करताना विषाणू नष्ट करण्याच्या प्रक्रिया केल्या जातात. धोका पूर्ण शून्य आहे असे कोणतीही कंपनी लिहीत नाही. पण दूषित जखमेत प्रतिपिंडे न घेण्याचा धोका त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे मी अनुभवाने सांगते.

घोड्याचे सीरम

ज्येष्ठ वाचकांना "एटीएस", म्हणजे धनुर्वातविरोधी सीरम, हा शब्द आठवत असेल. धनुर्वाताचे प्रतिविष १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी शोधून काढले, आणि पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना घोड्याच्या रक्तापासून बनवलेले सीरम मोठ्या प्रमाणात दिले गेले. पूर्वी आपल्याकडेही तेच मिळत असे, नेहमीची मात्रा १५०० युनिट. घोड्याच्या प्रथिनाला शरीर परके मानते, त्यामुळे तीव्र ॲलर्जी आणि आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, पुरळ असा सीरमचा आजार होऊ शकतो. मानवी इम्युनोग्लोब्युलिन उपलब्ध असताना ते घेऊ नये. नाइलाजाने घ्यावेच लागले तर आधी त्वचेची चाचणी झालीच पाहिजे, आणि चाचणीचा निकाल चांगला आला तरी ॲड्रेनॅलिन जवळ ठेवूनच ते दिले जावे.

कुत्रा चावला असेल तर

इथे गोंधळ हमखास होतो. रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन वेगळे, धनुर्वाताचे वेगळे. रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन जखमेच्या आत आणि भोवती टोचले जाते व वजनानुसार मोजले जाते. धनुर्वाताचे दूरच्या स्नायूत दिले जाते. चाव्याची जखम लाळेने दूषित असते म्हणून धनुर्वाताचा हिशेबही वर सांगितल्याप्रमाणे स्वतंत्रपणे करावा. "मला इम्युनोग्लोब्युलिन दिले" एवढेच पेशंटने सांगितले तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. कुपीवरचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे.

आठवी पायरी: पुढील डोस आणि नजर ठेवणे

ज्यांना इम्युनोग्लोब्युलिन लागले त्यांनी लसीचा दुसरा डोस किमान चार आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी घ्यावा. जखम बरी झाली, खपली पडली, की तो डोस मनातून जातो. मग पुढच्या जखमेत पुन्हा "माहिती नाही" हे उत्तर येते आणि पुन्हा प्रतिपिंडे घ्यावी लागतात. तिसरा डोस झाल्यावर पुढे दर १० वर्षांनी एक टीडी पुरते. एखाद्याला धनुर्वात होऊन तो बरा झाला असला तरी त्यालाही हे डोस घ्यावे लागतात, कारण या आजारातून उठल्यावर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही.

पुढील तीन आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. तोंड पूर्ण उघडत नाही, घास चावताना जबडा दुखतो, गिळताना त्रास होतो, मान किंवा पोटाचे स्नायू ताठ वाटतात, जखमेच्या आसपासचे स्नायू ओढले जातात, आवाजाने किंवा प्रकाशाने अंग झटका देते, अशी लक्षणे दिसली तर दातांचा, मानेचा वा पोटाचा आजार समजून वेळ न घालवता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा माणसाची शुद्ध पूर्ण असते, तो सगळे ऐकत असतो, म्हणून त्याच्याशी हळू आवाजात बोलावे आणि गर्दी करू नये.

काकांचा पहिला डोस सप्टेंबरमध्ये झाला. दुसरा ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मुलाने आठवणीने देऊन आणला. तिसऱ्याची तारीख पुढच्या वर्षाच्या एप्रिलनंतर येते, आणि ती त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली होती. मी सूनबाईंना सांगितले की डिसेंबर संपला की ही दिनदर्शिका रद्दीत जाईल, तेव्हा नवी टांगताना ती नोंद आधी उतरवून घ्यावी, आणि कार्डाचा फोटो आताच काढून ठेवावा.